प्लूमरांचं मॉरिशस

रविवारी सकाळी गेरहोल्ड प्लूमरच्या हातून स्लाइड्सचा ट्रे निसटला आणि मॉरिशस बेट बैठकीच्या गालिच्यावर पसरलं. खाली उघड्या खणात एक पत्र्याची डबी होती. कधीच न दाखवायच्या बारा स्लाइड्स तिच्यात वेगळ्या ठेवलेल्या असत. ट्रे नेमका त्या डबीवर पडला. चष्मा स्वयंपाकघरात होता आणि साडेतीनला पाहुणे यायचे होते. गेरहोल्डने हाताला लागतील त्या स्लाइड्स ट्रेच्या खाचांत बसवल्या, उरलेल्या डबीत कोंबल्या आणि बायकोला, म्हणजे इर्मट्राउडला, काही कळू दिलं नाही. तो जुना कारकून होता. आपली चूक आपणहून सांगायची नाही, हे नोकरीत शिकलेलं त्याच्या अंगात मुरलं होतं.

ठरल्याप्रमाणे पाहुणे आले. वरच्या मजल्यावरचे ब्रोकमान, एकेकाळचे ट्रामचालक. समोरच्या ल्यूडेमानबाई, ज्यांना इमारतीतल्या प्रत्येकाची बातमी त्याच्या स्वतःच्या आधी कळायची. आणि महिन्याभरापूर्वी तळमजल्यावर राहायला आलेल्या केट्लरबाई. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलं लांब, म्हणून मोठं घर विकून त्या इथे आल्या होत्या. इमारतीत नवीन माणूस आलं की त्याला कॉफी, केक आणि प्लूमरांचं मॉरिशस चुकत नसे.

इर्मट्राउडने आलुबुखारचा केक वाढला, पडदे ओढले. प्रोजेक्टर गुरगुरू लागला.

"एकोणऐंशीचा फेब्रुवारी," गेरहोल्डने घसा खाकरला. "इथे कमरेएवढा बर्फ. आणि आम्ही तिकडे!"

खटक. माडांची रांग. खटक. निळाशार समुद्र. खटक. पोहण्याच्या पिवळ्या पोशाखात, रुंद टोपी घातलेली एक पाठमोरी बाई.

"ही मी," इर्मट्राउड म्हणाली. "तेव्हा बारीक होते."

"अगंबाई, टोपी किती छान!" केट्लरबाई म्हणाल्या.

"येताना वाऱ्याने उडाली हो."

खटक. पडद्यावर तीच टोपीवाली आली. तोंड टोपीच्या सावलीत. शेजारी लाल चड्डीतला एक दणकट पुरुष, एक हात तिच्या कमरेभोवती. ती त्याला स्वतःच्या हाताने अननसाची फोड भरवत होती.

गेरहोल्डने झटकन पुढची कळ दाबली. ट्रे अडकला. त्याने पुन्हा दाबली, मग प्रोजेक्टरला चापट मारली. लाल चड्डीवाला हसतच राहिला.

"हा माझा एगोन आहे," केट्लरबाई म्हणाल्या.



"एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत एगोन इथेच, जर्मनीत, वुपरटालला होता. कंपनीचं प्रशिक्षण. तीन आठवडे. मी दोन लहान पोरं सांभाळत दारातला बर्फ उपसत होते."

"हां, हां, एगोन!" गेरहोल्डच्या तोंडून निघून गेलं. "तिथे भेटला होता. फार सज्जन माणूस. सारखं तुमच्याबद्दल बोलायचा."

टेबलाखालून इर्मट्राउडने त्याच्या नडगीवर लाथ हाणली.

"मॉरिशसला भेटला?"

"म्हणजे... वुपरटालबद्दलही बोलायचा."

केट्लरबाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि ही घास भरवणारी कोण?"

याचं उत्तर मघाशीच देऊन झालं होतं. ल्यूडेमानबाईंनी कप खाली ठेवला. "पण ही तर तुम्ही ना, प्लूमरबाई? तीच टोपी. जी वाऱ्याने उडाली."

 इर्मट्राउडचा चेहरा आधी पांढरा पडला, मग केकमधल्या आलुबुखारासारखा झाला.  पडद्याकडून मान वळवून ब्रोकमाननी गेरहोल्डकडे अतीव करुणेने पाहिलं.

"गेरहोल्ड, अरे, आणि हा फोटो तू काढलास?"

"नाही!" गेरहोल्ड ओरडला. "मी त्या माणसाला ओळखतसुद्धा नाही!"

"आत्ता तर सज्जन होता म्हणालास."

"माझ्या एगोनला तुम्ही दोघांनी मिळून..." केट्लरबाई उठून उभ्या राहिल्या.  "आणि वर मला बोलावून दाखवता? केक खायला घालून?"

"ती मी नाहीच!" इर्मट्राउड किंचाळली. "एकाही फोटोत मी नाही! मी चौदा दिवस न्हाणीघरात होते!"

मग एकेचाळीस वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. विमानातल्या माशाने दोघांचीही पोटं बिघडली होती. हॉटेलची खोली, न्हाणीघर आणि डॉक्टर, याखेरीज त्यांनी मॉरिशसचं काहीही पाहिलं नव्हतं. घरी येऊन फिल्म धुवायला टपालाने पाठवली. परत आलं ते भलत्याचंच पाकीट. त्यात समुद्र, माड आणि ही टोपीवाली. "परत पाठवणारच होतो," इर्मट्राउड हुंदका देत म्हणाली, "पण रविवारी सगळी गल्ली बघायला यायची होती. वर्षभर पैसे साठवून गेलो आणि आजारी पडून आलो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? हा माणूस ज्यात होता त्या काढून ठेवल्या. बाकीच्या दाखवल्या. लोक काय खूश झाले! मग दरवर्षी दाखवत गेलो."

ल्यूडेमानबाईंनी तिचा हात हातात घेतला. "जाऊ द्या हो, प्लूमरबाई. आपण सगळ्या कधीतरी तरुण होतो. आता असल्या गोष्टी रचायची काही गरज नाही."

"रचत नाहीये हो मी!"

ब्रोकमाननी गेरहोल्डच्या पाठीवर थोपटलं. "मन घट्ट कर, बाबा."

खरं बोलून कुणाला पटत नाही म्हटल्यावर प्लूमर नवरा-बायको एकमेकांकडे हताशपणे बघत राहिले. केट्लरबाई मात्र एकाएकी शांत झाल्या होत्या.

"तुम्ही स्वतः काढलेल्या फोटोंत काय होतं?" त्यांनी विचारलं.

"काय असणार? फिल्म संपवायची म्हणून काढले. छत. पंखा. न्हाणीघराच्या निळ्या फरशा. हा झोपलेला."

"हिरव्या पट्ट्यांच्या पायजम्यात? तोंड उघडं टाकून?"

गेरहोल्ड दचकला. "तुम्हाला कसं माहीत?"

केट्लरबाई तडक खाली गेल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पिवळं खोकं होतं. ब्रोकमाननी केकच्या काट्याने अडकलेली स्लाइड उपसून काढली आणि खोक्यातल्या स्लाइड्स एकेक आत सरकवल्या.

पडद्यावर छत आलं. मग पंखा. मग निळ्या फरशा आणि एक बादली. मग तरुण गेरहोल्ड, गाढ झोपेत, जबडा वासलेला.

"हे वुपरटाल," केट्लरबाई म्हणाल्या. "एगोनने असंच सांगितलं होतं मला. हा बीलेफेल्डचा माणूस, मला याच्याच खोलीत टाकलंय, रात्रभर घोरतो, डोळ्याला डोळा लागत नाही. फार कीव आली होती मला एगोनची. फेब्रुवारीत पंखा कशाला, हे मी कधी विचारलंच नाही. अंग भाजून लाल झालं होतं, तर म्हणाला, भट्टीजवळ उभं करतात."

"अरे गेरहोल्ड," इर्मट्राउड डोळे पुसत उठून पडद्यापाशी गेली, "आपलीच खोली रे ही! ती बादली बघ! मी म्हणत होते ना, निळीच होती!"

"तू हिरवी म्हणायचीस."

"मी? हिरवी तू म्हणत होतास!"

ल्यूडेमानबाई पुढे सरकून त्या फरशा इतक्या बारकाईने बघत होत्या, की इतक्या वर्षांत त्यांनी समुद्रही तसा बघितला नव्हता.

केट्लरबाईंनी गेरहोल्डचा ट्रे उचलला, डबीतल्या स्लाइड्सही मागून घेतल्या आणि पिवळं खोकं त्याच्यापुढे सरकवलं.

"हे तुमचं मॉरिशस," त्या म्हणाल्या. "आणि हे माझं वुपरटाल."

दारापर्यंत गेल्यावर त्या थांबल्या. गेरहोल्डला वाटलं, आता रडतील.

"पुढच्या रविवारी साडेतीनला सगळ्यांनी माझ्याकडे यायचं," त्या म्हणाल्या. "प्लूमरसाहेब, येताना प्रोजेक्टर घेऊन या. सगळं बघायचंय मला. एकही गाळायची नाही."