व्यंकटच्या गिटारीची मान

"मराठवाड्यात डिटेक्टिव दोनच. एक मी, दुसरा अजून जन्मायचाय," असं बब्रुवानराव न विचारता सांगतात. ते येरमाळ्याच्या दूध सोसायटीत फॅट काढतात. "दुधातलं पाणी ओळखतो, माणसातलं ओळखणार न्हाय व्हय?" मी गोरोबा. बहीण त्यांच्या घरात दिलीय, म्हणून मी मदतनीस. सुटका न्हाय.

शहाऐंशीच्या दुष्काळात एका सकाळी गावातला व्यंकट बोंबलत आला. "दादा, माझ्या बेस गिटारीची मान गेली!"

त्याच्या घरी बाजेवर गिटारीचं नुसतं धड पडलं होतं, तारा ताणायचा लांब दांडाच गायब. शेजारी वाटीत चार स्क्रू अन् गुंडाळलेल्या तारा. व्यंकट रडकुंडीला आला. "बासष्ट सालची हाय. पुण्यात ऑर्केस्ट्रा मोडला, तिथनं आणली. अंग अल्डरच्या लाकडाचं, मान मॅपलच्या, वर शिसवाची पट्टी, आत लोखंडी सळई. तीन दिस लोहाऱ्याला पावण्यांकडं होतो, आन् आज येऊन बघतो तर हे! तीन वाजता सोसायटीचा वर्धापनदिन. माझ्यासाठी बघितलेल्या पोरीचा बाप लिंबाजी येणाराय. 'आधी ऐकतो, मग सोयरीक,' म्हणलाय. आता काय वाजवू, कप्पाळ?"

मला पोराची लई दया आली. बब्रुवानरावांना आनंद झाला.

"स्क्रू मागं ठेवलेत, म्हणजे चोर परत येणार. आन् काय हरवलंय ते कुणाला सांगायचं न्हाय. गुप्तता!"

शिसव म्हणजे सुतार, म्हणून आधी सुताराकडं गेलो.

"ते तुमच्याकडं हाय का?"

"कोणतं?"

"ते तुम्हीच सांगा."

सुतार लाकूड तासायचा वाकस उगारून आमच्या मागं लागला. धापा टाकत बब्रुवानरावांनी दुसरा तर्क काढला. "लाकूड, आत सळई! हा बाण हाय गोरोबा. तेरखेड्याच्या फटाका कारखान्यात नेऊन दारू भरली की थेट दिल्ली!" तेरखेड्याची एस्टी दोन तासांनी होती, म्हणून दिल्ली वाचली.

मग संशय आला व्यंकटच्या बापावर, धोंडीबांवर. रोजगार हमीवर खडी फोडणारा माणूस. व्यंकटनं गिटार आणल्यापासून बापलेकाचं बोलणं बंद होतं. ते ओट्यावर बसले होते. वास मात्र फाटकापर्यंत येत होता.

"शेवटची अंगोळ कधी केली?"

"तीन दिस झाले."

"का?"

"पाणी दुसरीकडं लागतंय."

बब्रुवानरावांनी मला चिमटा काढला. "लिहून घे. पुरावा धुतलाय!"

अडीच वाजले. व्यंकट उंबऱ्यात डोकं धरून बसला. तेवढ्यात त्याची आई कडूबाई रिकामी घागर घेऊन परसातनं आली.

"एवढं काय शोधताय रं?"

"गुप्त हाय," बब्रुवानराव म्हणाले.

"गिटारीची मान, आई!" व्यंकट ओरडला.

"तो ठिपक्याचा दांडा? मागं बादलीत हाय की, टिकावाच्या दांड्यांसंगं. मला कुणी इचारलंच न्हाय."

आम्ही धावलो. चार दांडे बुडखा पाण्यात घालून भिजत होते. पाचव्याला शिसवाची पट्टी होती.

धोंडीबा मागनं आले. लेकाकडं न बघताच बोलले. "मान खडखडती म्हणून आईपाशी कुरकुरत हुतास. दुष्काळात लाकूड आटतंय. टिकावाचा असू दे न्हायतर गिटारीचा, ढिला दांडा भिजवावाच लागतो. चारचौघांत निसटला असता तर?"

"आबा, पण पाणी?"

"माझ्या अंगोळीचं."

व्यंकटनं मान पुसून धडात घातली, स्क्रू आवळून तारा चढवल्या. मान जी ठोकून बसली, ती पुन्हा निघायची आशा न्हाय. पण तीन वाजता असा घुमला आवाज की सोसायटीचे दुधाचे कॅनसुद्धा थरथरले. लिंबाजींनी तिथंच सुपारी फोडली.

संध्याकाळी टँकर आला. व्यंकटनं भांडून पहिली बादली भरली आणि बापापुढं नेऊन ठेवली. "आबा, अंगोळ करा. पाठ मी चोळतो."

मी डोळे पुसत होतो. बब्रुवानराव कानाशी आले.

"बघतोस काय? पुरावा नष्ट करतायत. लिही!"