ळ-खात्याची पाठवणी

एका जंगलात सगळं छान चाललं होतं. त्याची गोष्ट मी सांगणार नाही, मुलांनो, कारण तिच्यात काही घडतच नाही. आपली गोष्ट शेजारच्या जंगलातली.

तिथे साळिंदरराव राहत होते. अंगभर काटे, पण स्वभाव लोण्यासारखा. त्यांची बायको सकवार, ती नदीपलीकडची. तीन वर्षांपूर्वी पलीकडे मोठा वणवा लागला, तेव्हा टिटव्यांच्या थव्यामागोमाग तीही नदी पोहून इकडे आली. काठ निसरडा होता. साळिंदररावांनी तिला हात दिला, आणि तो पुढे सोडलाच नाही.

पलीकडच्या सगळ्यांची एक गंमत होती. त्यांना ळ म्हणता येत नसे. ते ळ ऐवजी ल म्हणत.

"अहो, जेवायला चला! कोवली मुलं आणलीत," सकवार हाक मारायची, आणि साळिंदररावांच्या अंगावर आनंदानं काटा यायचा. म्हणजे होता तोच उभा राहायचा. घाबरू नका रे. साळिंदरं मुळं खातात.

एके दिवशी सिंहमहाराज नदीकाठी लोळत होते. वरून टिटवी ओरडली, "तरस आले! पला, पला!"

"पला?" महाराज म्हणाले. "पला म्हणजे काय?"

प्रधान होता मोर. त्यानं डोकं खाजवलं. असा शब्द त्याच्या ऐकिवात नव्हता. दोघं विचार करत बसले. तेवढ्यात तरसानं महाराजांच्या शेपटीचा गोंडा तोडून नेला.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. तरसांचं काय करायचं, हे कुणीच विचारलं नाही.

"महाराज, टिटवी नीट 'पळा' म्हणाली असती, तर आपण पळाला असता," मोर म्हणाला. "मग गोंडा गेला कुणामुळे?"

"टिटवीमुळे!" महाराज गरजले. "जंगलाची सुरक्षा धोक्यात आहे! पलीकडे आता गवत उगवलंय. ज्यांना ळ येत नाही, त्यांना परत पाठवा!"

"पाठवा म्हणणं बरं दिसत नाही," मोर म्हणाला. "पाठवणी म्हणू या."

सगळ्यांना हे फार आवडलं. लगेच ळ-खातं निघालं. साळिंदररावांच्या नावात ळ होता, तोही दुसऱ्याच अक्षराला, म्हणून तेच खात्याचे मुख्य झाले. त्यांना नाही म्हणता आलं नाही. तसं ते त्यांना कधीच येत नसे.

घरी येऊन ते सकवारसमोर बसले. "जीभ टाळूला लाव आणि म्हण, ळ."

"तालूला लावली की. ल."

"अगं, मागे वळव जीभ!"

"वलवली!" ती हसून हसून लोळली. साळिंदररावांना मात्र रडू फुटलं.

इकडे पाठवण्या धडाक्यात सुरू झाल्या. ओटी भरायची, कुंकू लावायचं, बेडकांचा बँड वाजवायचा, आणि पाहुण्याला ओंडक्यावर बसवून नदीत ढकलायचं. पहिल्या टिटव्या गेल्या. आता काठावर ओरडणारं कुणी उरलं नाही. किती शांत वाटतंय, असं सगळे म्हणाले.

मग सशीणबाईंचा तक्रारअर्ज आला. 'शेजारीण रोज कोवळी मुलं चिरते. मी कानांनी ऐकलं आहे.' सशिणीचे कान केवढे, तुम्हाला माहीतच आहे. पुरावा भक्कम होता. साळिंदररावांनी मान खाली घालून स्वतःचाच काटा उपटला आणि त्यानं सही केली.

सकवारची ओटी मोरानं भरली.

"प्रधानजी, माझी पाठवणी एकदा झालीय, इकडं," ती म्हणाली. "सासरहून माहेरी पाठवणी करतात होय कुठं?"

मोरानं बँड मोठ्यानं वाजवायला सांगितला.

साळिंदररावांनी यादीतलं पुढचं नाव वाचलं. सरकारी कामात होते ना.

त्यानंतर त्यांनी वेड्यासारखं काम केलं. अस्वलाला पाठवलं, कारण त्याच्या नावाच्या शेवटी सरळसरळ ल होता. कावळ्याचा ळ त्या दिवशी सर्दीनं अडकला, तोही गेला. सशांच्या नावात ळ नाही, आणि ल पण नाही. म्हणजे नक्की काहीतरी लपवतायत! सशीणबाई सहकुटुंब ओंडक्यावर बसल्या.

मग एका सकाळी ळ-खात्याच्या नाक्यावर तीन तरस आले. महिनाभर नदीच्या पाण्यानं गुळण्या करून त्यांनी घसा तयार केला होता.

"आम्ही मूळचे इथलेच," थोरला तरस म्हणाला. "डाळ, गूळ, जांभूळ, बाळं."

"वा!" साळिंदरराव उठून उभे राहिले. "पुन्हा म्हणा."

"बाळं. आम्हाला बाळं फार आवडतात. कोवळी असली तर उत्तम."

"काय शुद्ध ळ आहे!" मोर गहिवरला. महाराजांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि त्याच दिवशी अख्खं ळ-खातं त्यांच्या हवाली केलं.

तरसांनी जंगलभर बाळं शोधली. एकही सापडलं नाही; ती आईबापांबरोबर केव्हाच पलीकडे गेली होती. मग त्यांनी उरलेल्यांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली.

"सिंह," थोरला तरस जिभल्या चाटत म्हणाला. "नावात ळ दिसत नाही."

महाराज ओटीबिटी न भरताच नदीत उडी मारून गेले. मागोमाग मोर.

शेवटी साळिंदररावांची पाळी आली. तरसांना त्यांना खायचं नव्हतं. कोण तोंडाला काटे लावून घेणार? त्यांना सह्या करायला एक गरीब मुख्य हवा होता.

"तुमचं काय, नुसतं नावापुरतं," थोरला तरस म्हणाला. "म्हणा, मुळं. आणि बसा खुर्चीत."

साळिंदररावांनी खुर्चीकडे पाहिलं, मग नदीकडे. छातीत इतकं दुखलं, की सगळे काटे आतच वळले असावेत असं त्यांना वाटलं.

"मुलं," ते म्हणाले.

"नीट विचार करून बोला."

"मुलं! कोवली मुलं! काला कावला! पला, पला, पला!" साळिंदरराव खुर्चीवर चढून नाचू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाला तरी नाही म्हणत होते.

तरसांनी त्यांना लाथ घालून नदीत फेकलं. लाथ घालणारा नंतर आठवडाभर लंगडत होता.

पलीकडच्या काठावर गर्दी होती. अस्वल होतं, ससे होते, महाराज गवतात ओले बसले होते. सगळ्यांच्या पुढे सकवार उभी होती. साळिंदररावांना वर बघवेना.

"मी सही केली," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"मला माफ कर."

"ते नंतर बघू. आधी अंग पुसा," ती म्हणाली. "इथं आता तुम्ही निर्वासित. पण भिऊ नका. आम्ही कुणाला परत पाठवत नाही."

तात्पर्य : जंगल पूर्ण सुरक्षित करायचं असेल, तर त्यातल्या सगळ्यांना आधी बाहेर काढावं. मग धोका आत आला, तरी तो कुणाला नसतो.