बाहेर आल्याची सही

बाबाराव चरोद्याच्या रेल्वे यार्डातून गार्ड म्हणून निवृत्त झाले, पण कागद पुढे आला की आधी सही, ही सवय सुटली नाही. गाडीचे ब्रेक तपासल्याच्या दाखल्यावरही ते चहा पिता पिता सही करत. चाळीस डब्यांची लांबी पायी कोण तुडवणार?

स्मृति नगरातल्या एका संस्थेने 'नवशिक्यांसाठी गुहा-अनुभव' काढला, तेव्हा ते पत्नी अंजनाबाईंना घेऊन निघाले. गुहेच्या तोंडाशी फलक होता: 'ही गुहा अधिकृतरीत्या अविकसित आहे. दिवे, पायऱ्या व वाट नसण्याची हमी.' शेजारी टेबल, रजिस्टर आणि गाइड रूपेश.

"काका, आत गेल्याची, बाहेर आल्याची अन् अभिप्रायाची, तिन्ही सह्या आत्ताच मारून द्या. बाद में सगळे थकून जातात."

ही शिस्त बाबारावांना फार आवडली. अंजनाबाई मात्र "मले नाही जमत असं घुसणं" म्हणून बाहेरच बसल्या.

आत एका फटीत बाबारावांचं पोट अडकलं. बाकीचे सात जण सरपटत बाहेर आले आणि गाडीत जाऊन बसले. रूपेशने रजिस्टर पाहिलं: आठ आत, आठ बाहेर. तो टेबल मिटणार, तोच आतून हाक आली.

"रूपेश, मी अटकलो न गा. वढ मले."

"काका, तुमी तर कवाचेच बाहेर आले. सही आहे न तुमची."

"मंग मी बोलून कोठून राहिलो?"

"तेच मी विचारून राहिलो. बाहेर आलेल्याले बाहेर काढायचा नियम नाही."

अंजनाबाई उठल्या. "आमचे हे आतच हायेत. कावून छळून राहिला तू त्याईले?"

रूपेशने अदबीने रजिस्टर पुढे केलं. सही नवऱ्याचीच, हे त्यांना कबूल करावं लागलं. वर छापील अभिप्रायही होता: 'सुखरूप परतलो. पुन्हा येईन.' रूपेशच्या मते ते पुन्हाच आले असावेत.

बाबारावांना आता खरोखर भीती वाटू लागली. शेवटी रूपेशने संस्थेला फोन लावला आणि 'बाहेर पडूनही आत आढळलेल्या व्यक्तीचा अर्ज' पेनासकट काठीला बांधून आत सरकवला. बाबारावांचा एक हात मोकळा होता. त्यांनी शेवटची ओळ शोधली आणि सही ठोकली. वर लिहिलं होतं: 'मी स्वेच्छेने आत राहत असून पुढील आदेशापर्यंत बाहेर काढण्याची मागणी करणार नाही.'

रूपेशने अर्ज फाइलला लावला आणि टेबल मिटलं. अंजनाबाई फटीपाशी जाऊन बसल्या. तुम्हाला हसू येत असेल, तर मोबाइलवर परवा 'मला मान्य आहे' दाबलंत, त्याच्या वर काय लिहिलं होतं, तेवढं आठवून सांगा.