पायाला बांधलेले गहू

"मोठ्यानं मोजा, मले आयकू येत नाही!" चुलीपुढून भिकुबाईंनी आवाज दिला.

"अठ्ठावीस... एकोणतीस... अगं माय वं!" खाटेच्या काठावर बसलेल्या अभिमन आबांनी पाय खाली सोडला.

फैजपूरला काँग्रेस भरली, त्याच्या पुढच्या सालची ही असोद्यातली गोष्ट. आबा कपाशीच्या गाडीवरून पडले आणि गुडघ्याची वाटी फुटली. जळगावच्या डॉक्टरांनी गुडघा उघडून वाटी तारेने बांधली. प्लास्टर निघाल्यावर बजावले, "पायाला अडीच शेराची पिशवी बांधा. सकाळ-संध्याकाळ पन्नास वेळा पाय उचला. दर आठवड्याला अर्धा शेर वाढवा. दुखलं म्हणून थांबलात, तर मांडी घालून बसणं विसरा."

मांडी विसरून कसे चालेल? श्रावणात घरी कानबाई देवी बसायची. पूजेच्या पाटावर थोरल्याचा मान. आबा बसू शकले नाहीत, तर धाकटा भाऊ गिरधर बसणार. त्याने नवे धोतरसुद्धा आणून ठेवले होते.

वाळू गळते म्हणून भिकुबाईंनी पिशवीत गहू भरले. तिथेच आबांचे डोके चालले. बायको पाण्याला गेली की पिशवीची गाठ सोडायची आणि दोन मुठी गहू खाटेखालच्या मडक्यात टाकायचे. आठ दिवसांत कळ ओसरली. महिन्याभरात पन्नासचा आकडा हसत पार. "डॉक्टरले काय कयते?" आबा मिशीत हसले.

कानबाईच्या दिवशी आबा पाटावर ऐटीत मांडी घालून बसले आणि हात न टेकता उठले. गिरधर आपल्या नव्या धोतराच्या निऱ्या उगाच नीट करत राहिला.

मग भाऊबंद रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या, खायला बसले. या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून सोवळ्यात ठेवतात. पंगतीला जाता जाता आबांनी सहज खाटेखाली हात घातला. मडके रिकामे!

म्हणजे ते गहू दळले गेले! पायाला बांधलेले गहू देवीच्या रोटात!

"थांबा रे! कोनी घास घेऊ नका!"

पंगत हातातल्या घासासह थांबली. आबांनी रडवेल्या आवाजात सगळे कबूल केले.

"म्हंजे दादा, तू चोरी करून पाटावर बसला?" गिरधर उसळला.

भिकुबाई तुपाचे भांडे घेऊन शांतपणे पुढे आल्या. "जेवा भाऊजी. देवीचे गहू कोठीच्या खोलीत व्हते. खाटेखाली कोन ठेवीन?"

"मंग माह्ये गहू कुठी गेले?" आबांनी विचारले.

"कुठी जातीन? तुमी आंघोयीले गेले का मी परत पिशवीत टाकत व्हती. तुमी दोन मुठी काढल्या, त मी तीन टाकल्या. चार शेराच्या वर गेली आता पिशवी."

"अन् दादा, पिशवी रिकामी होत नाही, हे बी दिसलं नाही तुले?" गिरधरने विचारले.

 इतके दिवस न दुखलेला गुडघा आबांनी हळूच चाचपला. तो आत्ता कुठे ठणकायला लागला होता.