केरबा सांबराच्या टपाची दोन भोकं

एका जंगलात, मुलांनो, घरटी एक गाडी होती. जंगलात गाड्या कशाला, असं विचारू नका. तुमच्या दारात तरी कशाला आहे? शेजाऱ्याकडे आली म्हणून आपल्याकडे आली. तिथंही तसंच झालं होतं.

गाड्या बनवायचा कारखाना सशांचा. ससे फार हुशार आणि टापटिपीचे. त्यांनी गाडीसाठी माप घेतलं ते स्वतःचं. सशांची कुटुंबं मोठी, त्यामुळे गाडी लांबीला ऐसपैस होती आणि उंचीला बेताची. बाकीच्या जनावरांचं काय, असं कारखान्यात कुणी विचारलं नाही. कारखान्यात सगळे ससेच होते.

अशीच एक गाडी केरबा सांबरानं घेतली. केरबाला गाडीचा शौक नव्हता. त्याची बायको हौसा हिचा पाय एकदा फाशात अडकला होता, तेव्हापासून ती लंगडायची. जवळचा ओढा होळीच्या आधीच आटायचा आणि तळं होतं डोंगरापलीकडे. तिथवर चालणं तिच्यानं होत नव्हतं. गाडी असली तर हौसाला पाणी, नसली तर नाही. एवढं साधं होतं.

गाडी घरी आली. हौसानं ओवाळलं, नारळ फोडला, पुढं लिंबू-मिरची बांधली. केरबा पाय दुमडून आत बसला आणि बसल्याबसल्या अडकला. शिंगं मावेनात. पहिले काही दिवस त्यानं मान वाकडी करून गाडी हाकली. त्यामुळे त्याला फक्त डावीकडचं जंगल दिसायचं. उजवीकडच्यांनी आपापली काळजी घेतली.

शेवटी तो सुतारपक्ष्याच्या गॅरेजात गेला. सुतारपक्ष्यानं टपाला दोन भोकं पाडून दिली. शिंगं टपातून वर, मान सरळ, नजर रस्त्यावर. हौसा मागं पाय लांब करून बसली आणि म्हणाली, "आता कसं राजावानी वाटतंय."

मग वाघमहाराजांचा हुकूम निघाला. विमा नसलेली गाडी रस्त्यावर दिसली, तर ती सरकारजमा.

विमा कंपनीचे साहेब होते मनोहरपंत तरस. तरसाचा चेहरा जन्मतः हसरा असतो. बाकी काही येवो न येवो, त्या चेहऱ्यावर पंतांना नोकरी मिळाली होती.

पंत यायच्या आधी शेजारच्या भैरू रानडुकरानं केरबाला बाजूला घेतलं. "भोकांचं बोलू नगंस. वर पालापाचोळा टाक अन् गप ऱ्हा."

भैरूनं स्वतःच्या गाडीला पुढं सागाच्या ओंडक्याचं गार्ड बसवलं होतं. हॉर्न होता वाघाच्या डरकाळीचा. पंत आले त्या दिवशी दोन्ही काढून त्यानं गवतात दडवलं. त्याचा विमा चहा निवायच्या आत झाला.

केरबाला काही ते जमेना. "पंत," तो म्हणाला, "टपाला दोन भोकं हायेत. मीच पाडून घेतलीत."

पंतांना गहिवरून आलं. "केरबाभाऊ, इतकी वर्षं या धंद्यात आहे. आपण होऊन खरं सांगणारे तुम्ही पहिलेच! तुमच्यासारख्यांसाठी कंपनीनं खास वेगळा हप्ता ठेवलाय."

"कमी?"

"छे, छे. जास्त."

पंतांनी त्याला प्रेमानं समजावलं. "हे पाहा, भोकांतून पाऊस येणार. तेव्हा सीटचा विमा नाही. सीटखालून पाणी झिरपणार. तेव्हा इंजिनाचा नाही. आणि भोकं टपालाच आहेत, तेव्हा टपाचा तर प्रश्नच नाही."

"मग इमा कशाचा?"

"लिंबू-मिरचीचा केला असता," पंत हळहळले. "पण तीही कारखान्यातून आलेली नाही. तोसुद्धा बदलच."

हसताय काय? घरी जाऊन वडिलांना विचारा, आपल्या गाडीला काय काय लावलंय आणि त्यातलं किती कळवलंय. मग बघू कोण हसतं.

"मग मी करू तरी काय?" केरबानं विचारलं.

"सोपं आहे. गाडी मूळची करा. हप्ता साधा, विमा पूर्ण."

"आन माझी शिंगं?"

"तो तुमचा घरगुती प्रश्न झाला. कंपनी कुणाच्या घरगुती गोष्टींत पडत नाही."

केरबानं भोकं बुजवून घेतली. पंतांनी टपावरून हात फिरवला, गाडी अगदी सशाची वाटते म्हणून कौतुक केलं आणि विमा मंजूर केला. गाडी मूळची झाली. आता तिच्यात बसायचं कसं?

"आवं, जरा दम धरा," हौसा म्हणाली. "उन्हाळा सरता सरता शिंगं आपसूक गळत्यात. दर साली गळत्यात."

"आन तवर तू काय पिशील?"

हौसानं ओढ्याकडे पाहिलं. ओढ्यात नुसते गोटे उरले होते. तिनं केरबाशी लग्न केलं होतं ते ही शिंगं बघून. ते ती त्या वेळी बोलली नाही.

केरबा साळिंदराकडे गेला. साळिंदराला शिंगं कुरतडायला फार आवडतात. त्यानं मजुरीही घेतली नाही, उलट पुढच्या वर्षी पुन्हा या म्हणाला. केरबा बोडक्या डोक्यानं घरी परतला तेव्हा वाटेतली चितळं तोंड फिरवून हसली. मला इथं दर वेळी केरबाला धरून गदागदा हलवावंसं वाटतं. पण गोष्टीतले लोक आपलं ऐकत नाहीत.

आठवडाभर बरं चाललं. मग एकदा खिंडीतल्या वळणावर समोरून भैरूची गाडी आली. भैरूनं हॉर्न वाजवला. डरकाळी ऐकल्यावर सांबर जे करतं तेच केरबानं केलं. तो होता तिथं थिजला. सागाचा ओंडका गाडीत घुसला आणि इंजिनाचा चुरा झाला. केरबा आणि हौसा तेवढी वाचली.

पंत पाहणीला आले. तोवर भैरूचं गार्ड आणि हॉर्न गवतात पोचले होते. त्याच्या गाडीवर एक ओरखडा होता, तो पंतांनी मंजूर केला. मग ते केरबाच्या गाडीभोवती फिरले.

"वा! गाडी उत्तम आहे. म्हणजे मोडलीय, पण मूळची आहे. मालकांना बोलवा."

"मीच की मालक."

पंतांनी त्याला खालीवर न्याहाळलं. "विमा केरबा सांबराचा आहे."

"मीच केरबा."

"सांबराला शिंगं असतात."

"आवो, ती तुमच्यापायीच काढली!"

"अरेरे," पंत म्हणाले. "म्हणजे तुम्ही मालकातच बदल केलात, आणि कंपनीला कळवलं नाहीत."

हौसा लंगडत पुढं आली. तिचा आवाज चिरका झाला होता. "शिंगं गेली म्हून नवरा बदलतो व्हय? त्येच्या डोळ्यांत बघा की जरा!"

"वहिनी, तुमच्यासाठी बदलत नसेल," पंत अदबीनं म्हणाले. "कंपनीसाठी बदलतो."

पैही मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी केरबानं वेलींचा दोर वळला, तो गळ्यात अडकवला आणि हौसाला गाडीत बसवून गाडी स्वतःच ओढायला लागला. चढावर त्याच्या तोंडाला फेस आला. हौसा आतून सारखी म्हणत होती, "ऱ्हाऊ द्या हो, ऱ्हाऊ द्या." पण तळ्याचा वास यायला लागला होता, आणि केरबा थांबेना.

तेवढ्यात समोरून पंत आले. त्यांनी हात केला.

"केरबाभाऊ, इंजिन बदललंत?"

केरबाला धाप लागली होती. त्यानं नुसती मान डोलावली.

"आणि हेही कळवलं नाहीत," पंत म्हणाले. आता मात्र ते खरोखर दुखावले होते. त्यांनी तिथल्या तिथं विमा रद्द केला. विमा रद्द, गाडी रस्त्यावर. हुकमाप्रमाणे ती सरकारजमा झाली. लांडगे शिपाई आले, पण इंजिन नसल्यामुळे त्यांना ती हलवता येईना. मग सरकारवाड्यापर्यंत ती केरबानंच ओढत नेऊन दिली.

हौसा रस्त्याच्या कडेला उतरली होती. तळं अजून डोंगराच्या पलीकडे होतं. थोडा वेळ तिनं केरबाची वाट पाहिली आणि मग ती एकटीच निघाली.

तात्पर्य, मुलांनो, पाठ करून ठेवा: गाडी आपल्या मापाची करू नये. आपण गाडीच्या मापाचे होऊ नये. ज्यांना देवानं ससा केलेलं नाही त्यांनी पायी चालावं, आणि चालताना लंगडत असाल तर तेही कंपनीला आधी कळवावं.