सहा-दहाची घंटी

हिरामणकाकांवर अन्याय झाला तो गेल्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. त्या वेळी त्यांचा मोबाइल वाजायला हवा होता. तो वाजला नाही. फोन घेऊन चौदा महिने झाले होते आणि गॅरंटी होती बारा महिन्यांची. हा योगायोग आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे पान दोनदा वाचावं.

हिरामणकाका भंडाऱ्यात आमच्या शेजारच्या खोलीत राहतात. एकटे. हयात पितळेच्या कारखान्यात भांडी ठोकण्यात गेली, त्यामुळे कुठलीही वस्तू घेण्याआधी ते ती बोटाच्या पेराने ठोकतात आणि कान लावतात. टरबूज सगळेच ठोकतात. काका साबण ठोकतात, चप्पल ठोकतात, बिस्किटाचा पुडा ठोकतात. एकदा मतं मागायला आलेला एक उमेदवार त्यांच्या पाया पडला, तर काकांनी त्याची पाठ ठोकली. लोकांना वाटलं, आशीर्वाद. तो गेल्यावर मला हळूच म्हणाले, "नाद नाही त्याच्यात." मी ग्राहक चळवळीची पत्रकं काढते, तीही त्यांनी ठोकून पाहिली आहेत. निकाल अजून सांगितलेला नाही.

त्यांचा जुना बटनांचा फोन अकरा वर्षं चालला. धानाच्या बांधीत पडला, चिखलातून काढून धुतला, उन्हात वाळवला, पुन्हा बोलू लागला. मरण त्याला माहीतच नव्हतं. शेवटी त्याच्या कंपनीचं नेटवर्कच वरून बंद केलं गेलं. मेला नाही, मारला. मी हे पत्रकात लिहिलं होतं. छापखान्यावाल्याने 'मारला' खोडून 'बंद पडला' केलं. त्याच्यावरही माझं लक्ष आहे.

नवा फोन घ्यायला मी सोबत गेले होते. काकांनी काउंटरवरचे सगळे फोन ठोकले, मग त्यातला एक गुडघ्याएवढ्या उंचीवरून फरशीवर सोडला. कारखान्यात लोटा असाच पारखतात म्हणे. दुकानदार पांढराफटक पडला.

"काकाजी, फोन आहे तो, लोटा नाही."

"लोटा पडला तं पोचा येते, पण पाणी राहते," काका म्हणाले. "हा पडला तं काय राहते, सांग."

दुकानदाराने वाकून फोन उचलला आणि बिल फाडलं. तोच फोन काकांना घ्यावा लागला.

आता खरी गोष्ट. रोज सकाळी सहा-दहाला तो फोन एकदाच वाजायचा आणि कट व्हायचा. काका उचलायचे नाहीत. तोंडातल्या तोंडात दहापर्यंत मोजायचे, मग स्वतः फोन लावायचे, पलीकडे एक घंटी गेली की कट. आमच्या मधल्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. मला आधी वाटलं, सट्टा. मग वाटलं, या वयात काही भलतंच. एकदा सरळ विचारलं, तर म्हणाले, "कंपनीले तपासून राहिलो." मला ते पटलं. चळवळीतल्या माणसाला असली उत्तरं लवकर पटतात.

तर त्या सकाळी फोन मेला. दुकानदार म्हणाला, बॅटरी निघत नाही, आत चिकटवलेली असते, नागपूरला पाठवावा लागेल. काकांनी डोळे बारीक केले. ज्या भांड्याला झाळ देऊन पुन्हा जोडता येत नाही ते भांडं घडवणाऱ्याने काहीतरी चोरलेलं असतं, असं त्यांचं मत पडलं. तोवर फोन सिमसकट नागपूरच्या पाकिटात गेला होता. सहा-दहाच्या घंटीचा नंबर कुठे लिहून ठेवलेला नव्हता. मी माझा फोन पुढे केला, तो त्यांनी ठोकून परत दिला. नंबर त्या मेलेल्याच्या पोटात होता. कोणाचा, ते मात्र सांगेनात.

पाच दिवस काका दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. ठोकणं बंद झालं. मी आणलेलं बिनमोसमी टरबूज तसंच चिरून खाल्लं, तेव्हा मला काळजी वाटली.

सहाव्या दिवशी सकाळी आमच्या फाटकाशी एक म्हातारा उभा. पांढरी टोपी, काखेत कापडी पिशवी, हातात बटनांचा फोन. पहिल्या एसटीने आला होता. खालच्या आवाजात त्याने मला विचारलं, "हिरामण इथंच राहत होता ना, माय?"

"राहतात," मी म्हटलं.

तो तिथेच खाली बसला. काका तोंड धुऊन बाहेर आले आणि टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून थांबले.

"फोन काहून बंद आहे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मेला."

"मले वाटलं तू. तेव्हाबी न सांगताच गेला होता."

हे नथ्थूकाका. दोघांचं गाव वैनगंगेच्या काठी होतं, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. हिरामणकाकांनी भंडाऱ्यात खोली बघितली आणि गाव उठायच्या आधीच एका पहाटे सामान हलवलं. नथ्थूकाका पाणी पायरीला लागेपर्यंत बसून राहिले, मग पुनर्वसनाच्या वस्तीत गेले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. मात्र एका सकाळी एक घंटी आली. हिरामणकाकांनी उचलली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक दिली. कोणी काही ठरवलं नव्हतं. बोलायचं नाही, पण आहे एवढं कळलं पाहिजे.

पिशवीतून पांढरं कोरं कापड डोकावत होतं. आमच्याकडे मयतीला जाताना नेतात ते. नथ्थूकाका पिशवी मागे सरकवायला लागले.

"आणलंच आहे तं दे," हिरामणकाका म्हणाले. "लुंगी होते." मग मला म्हणाले, "दोन कप च्या ठेव, पोरी. याची बस दहाले आहे."

दहाची बस गेली. नथ्थूकाका संध्याकाळच्या बसने गेले. जाण्याआधी त्यांचा नंबर काकांनी खडूने भिंतीवर लिहून घेतला, हाताएवढ्या मोठ्या आकड्यांत.

काल दुकानदाराने फोन परत दिला, मेलेलाच. म्हणाला, दुरुस्त होत नाही, नवीनच घ्या. काका घेतील, दुसरा इलाज नाही. तोही कधीतरी एका सकाळी गप्प बसेल.

वाचकांनो, मला तुमची हळहळ नको. तुम्हाला कोणी 'नवीनच घ्या' म्हणालं की काउंटरवरून हलू नका. विचारा, ज्या सकाळी हा बंद पडेल, त्या सकाळी मी जिवंत आहे हे माझ्या माणसाला कोण कळवणार? उत्तर तोंडी घेऊ नका. लेखी घ्या, सही-शिक्क्यानिशी, आणि मिळेपर्यंत तिथेच बसा.