करारातला बाक

राजय्या अण्णांनी मला फसवलं. सरळ सांगतो, कारण नवी पेठेत सगळे उलटं सांगतात. मीच म्हाताऱ्याचा गाळा लाटला, म्हणे.

मी वळसंगहून एका चादरीनिशी आलो, आज माझं चादरींचं शोरूम आहे. भाव पाडणं माझ्या रक्तात आहे. भाजीवाली मला लांबून बघूनच पाटी झाकते. आणि माझे शेजारी अण्णा. सहा फुटांचा गाळा, सुई, दोऱ्यांची रिळं आणि फाटक्या चादरी रफू करायचं काम. चादर हातात आली की माणूस आधी भोक बघेल. अण्णा विचारणार, "कुणाची?" ते सांगितल्याशिवाय सुईत दोरा जात नसे. मग आजोबा, बाळंतपणं, मोडलेली लग्नं, सगळं बाहेर निघायचं. रफू वीस मिनिटांचं, गोष्ट तासाची. कुणी मजुरीपेक्षा जास्त देऊ लागलं की हात मागे. "पुरे की."

ते ऐकून माझं डोकं फिरायचं. एकदा मी समजावलं, अण्णा, शहाण्या माणसाने पुरे फक्त जेवताना म्हणावं. तर म्हणाले, "तितंच म्हणत न्हाय मी."

ते खरं होतं. चार वाजले की काम बंद, कडक भाकरी आणि शेंगा चटणी सुरू. घाईतल्या गिऱ्हाइकालाही बाहेरच्या बाकावर बसून खावं लागायचं.

मला भिंत पाडून शोरूम वाढवायचं होतं. तीन महिने भांडायच्या तयारीने मी अण्णांकडे गेलो. पहिला आकडा इतका कमी सांगितला की माझीच मान खाली गेली. ते चिडतील, मी उठून जाईन, चार दिवसांनी परत येईन, असा बेत होता. अण्णा म्हणाले, "चालतंय की."

एवढा अपमान माझा कुणी केला नव्हता. पहिल्या बोलीला हो म्हणणारा काहीतरी लपवतोच. मी वकील लावला, रस्ता रुंद होणार का विचारून आलो, गटार उघडून पाहिलं. काही सापडेना. त्यांची अट एकच, बाहेरचा बाक तिथेच राहील आणि ते त्यावर बसतील. एक पाय मोडका असलेला बाक. मी खुशीत सही केली.

तिथेच फसलो. आता आत एसी, आरसे आणि माझी बीपीची गोळी. बाहेर बाकावर अण्णा आणि अख्खी पेठ. चार वाजता रिक्षावाले येतात, सराफाचा वॉचमन येतो, माझे सेल्समनसुद्धा तिकडेच. काचेतून सगळे हसताना दिसतात, ऐकू काही येत नाही. माझी बायको निर्मला शोरूमला म्हणून येते आणि बाकावरूनच घरी जाते. मी गाळा घेतला, आणि गाळ्यातलं असेल नसेल ते घेऊन हा माणूस बाहेर बसला.

शेवटी सूड म्हणून, निदान मजुरीत तरी पाडावं म्हणून, माझी ती वळसंगची जुनी चादर घेऊन गेलो. किती घेणार, विचारलं.

"कुणाची?"

तुम्हाला काय करायचंय, मी म्हटलं. सुई थांबलेली. मग सांगत सुटलो. चादर आईची. मला देऊन ती स्वतः पोत्यावर निजायची. हे मी निर्मलालाही कधी बोललो नव्हतो. मधेच हातात भाकरी कधी आली, कळलं नाही. पैसे काढले, तर अण्णा म्हणाले, "पुरे की."

"सगळ्यांना कशाला विचारत बसता हो?" मी चिडूनच म्हणालो.

"घरी मला इचारायला कोण न्हाय आता," अण्णांनी दोरा दाताने तोडला, "म्हणून हितं मीच इचारतो."

त्या दिवशी गोळी घ्यायची राहिली, तरी काही झालं नाही. आता चार वाजले की पाय आपोआप बाहेर पडतात. दोनदा तर चालू सौदा सोडून गेलो.

परवा पेठ बंद होती. कुलूप बघायला म्हणून आलो, तर बाकावर अण्णा एकटेच. फडक्यात दोन भाकरी. म्हणाले, "आलो असाच."

घरी जाऊन करार पुन्हा वाचला. त्यात बाक आहे. बंदच्या दिवशी दुसऱ्या भाकरीसकट एकट्याने बसावं, असं कुठेही लिहिलेलं नाही. माझं घर तिथून दहा मिनिटांवर आहे, हे त्यांना ठाऊक आहे. मग मला बोलावलं का नाही? याचं उत्तर अण्णांनी द्यावं. आणि "पुरे की" हे उत्तर मी धरणार नाही.